कोऱ्या चौकटी

३ फेब्रुवारी

मामा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच टेबलाच्या कडेला सरकवलं असणार, आणि मामीनं ते फोडून तुमच्या पुढ्यात ठेवलं असणार. तिला नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही, म्हणून हा कागद. दुसरंही कारण आहे. मला सध्या बोलायला बंदी आहे. तुमची टकळी बंद पडली आहे, मामा. हवं तर हसा.

झालं असं. मी घरी एका रहस्यकथेचं रेकॉर्डिंग करत होते. माझा स्टुडिओ तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून सांगते. मागच्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं केलं आहे आणि आत चहूबाजूंनी जुन्या रजया ठोकल्या आहेत. एक स्टूल, एक माइक, एक दिवा. उन्हाळ्यात आत माणूस वाफवून निघतो, पण आवाज स्वच्छ येतो. तुमच्या डबिंग स्टुडिओत प्रत्येक हळव्या प्रसंगात लिफ्ट धडधडते, तसलं इथे काही नाही, एवढं बोलून घेते. तर कथेतला अधिकारी दार ठोठावतो आणि विचारतो, "कोण आहे आत?" माझ्या तोंडून "कोण" बाहेर पडलं आणि पुढे नुसती हवा. पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर मोहरीएवढ्या गाठी.

"दिवसाला किती तास बोलता?" त्यांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, काम असेल तितके.

"आणि काम किती असतं?"

येईल तितकं.

त्यांनी पाटी खाली ठेवली. "म्हणजे थांबायचं कुठे हे तुम्ही ठरवतच नाही. आता गळ्यानं ठरवलं." दोन आठवडे पूर्ण मौन, त्यानंतर अर्ध्यावर काम. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज हाच राहील याची खात्री नाही.

मी तीन पुस्तकं एकाला एक चिकटवून घेतली होती. एकाचं शेवटचं पान आणि दुसऱ्याचं पहिलं, यांच्यात धड जेवायलाही जागा नव्हती. पहिलं अडकलं तशी पुढची दोन्ही कोसळली. रहस्यकथेवाले थांबले, बाकीच्यांनी दुसरे आवाज शोधले. त्यांची चूक नाही.

असं काम घ्यायला मी तुमच्याकडे शिकले. दारात आलेलं काम परत पाठवायचं नाही. आई गेल्यावर शाळा सुटली की मी तुमच्या काचेमागे बसायची आणि पडद्यावरचं जे पोर रडेल, हसेल, झाडावरून पडेल, त्याला आवाज द्यायची. अन्न, छप्पर, धंदा, सगळं तुम्ही दिलंत. ते मी विसरलेली नाही. आणि तीन वर्षांपूर्वी, मुलगी जेमतेम तीन वर्षांची असताना, मी संध्याकाळी लवकर निघू का असं विचारलं, तेव्हा "घड्याळ बघून काम करणारी माणसं मला नकोत" हे चारचौघांत कोण म्हणालं आणि मी तुमचा स्टुडिओ का सोडला, तेही विसरलेली नाही. आज तो वाद काढत नाही. वाद घालायला आवाज लागतो.

मामी फोनवर बोलते, मी ऐकते आणि हो असेल तर टेबलावर टकटक करते. ती म्हणाली, तुमचा घसा दिवाळीपासून बसला आहे आणि तुम्ही लवंग चघळून दिवस काढताय. लवंगेनं नाही जात ते, मामा.

टकळी

२८ फेब्रुवारी

मामा,

मामीकडून तुमचं उत्तर पोचलं. "तिला म्हणावं, रिकामं बसायला मी शिकवलं नव्हतं." तीन वर्षांनी मिळालेलं पहिलं वाक्य. जपून ठेवलं आहे, आणि त्याच्याशी भांडणारही आहे.

आता मी बोलते, मोजकं. स्वयंपाकघराच्या दारामागे वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं आहे. त्यावर कामाचे दिवस निळ्या खडूनं रंगवायचं काम मुलीकडे आहे. पण दर चार दिवसांनंतर एक चौकट कोरी ठेवायची, आणि दोन पुस्तकांच्या मध्ये अख्खा आठवडा कोरा, असा हुकूम तिला दिला आहे. तिला ते पटत नाही. तिच्या मते चित्र अर्धवट राहिल्यासारखं दिसतं.

नवराही आधी हसला. "या कोऱ्या चौकटींचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं?" तो अजून लिफ्टच दुरुस्त करतो. मग जेवताना स्वतःच म्हणाला, "आमच्या लिफ्टवर आठ माणसं लिहिलेली असतात. पण दोर आठ माणसांचा टाकला तर पहिल्याच महिन्यात आम्ही तुरुंगात." हात धुऊन आल्यावर त्यानं मुलीला सांगितलं, "आई सांगते तसंच रंगव."

हे तुम्हाला लिहिते, कारण तुम्हाला वाटतंय मी सुट्टी मागते आहे. सुट्टी नाही ही. मुलगी आजारी पडते, वीज जाते, लेखक ऐनवेळी प्रकरण बदलतो, घसा धरतो. यातलं काही ना काही होणार हे आपल्याला दरवर्षी माहीत असतं, आणि दरवर्षी ते होणारच नाही असं धरून आपण तारखा देतो. तुम्ही तारीख पाळायचात, हे खरं. पण ती कशातून पाळायचात? झोपेतून, मामीच्या ताटावरून उठून, माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवसातून. वेळ तुम्हीही काढतच होतात. फक्त जिथून काढायचा नाही तिथून.

लिहून टाकलं. खोडत नाही.

प्रकाशनातल्या एक बाई आहेत, मी त्यांना साखरबाई म्हणते. इतकं गोड बोलतात की हो म्हणून झाल्यावर आपण काय कबूल केलं ते कळतं. त्यांचा फोन आला. "तुमच्या बारा आणि तेरा तारखा मोकळ्या दिसतायत, एक छोटंसं बालपुस्तक सरकवू का त्यात?"

"ते दिवस गेलेत," मी म्हणाले.

"कुणाकडे?"

मी गप्प राहिले. गप्प राहायची दोन आठवडे तालीम झाली होती ना. शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं, मग अठराला?" अठराला चालणार होतं. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसकण मारली. एवढ्याशा नकाराला एवढं बळ लागावं, याचं नवल वाटलं.

लवंग बंद करून डॉक्टरांकडे गेलात का?

टकळी

११ एप्रिल

मामा,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीत राहीन. तुम्हाला वाटेल, चौकटी कोऱ्या ठेवून हिचं छान चाललंय. म्हणून आज जे छान नाही ते लिहिते.

सहा खंडांच्या एका कादंबरीचं काम आलं होतं. पूर्ण वर्षाचं काम, आणि असं की तुम्ही ऐकलं असतंत तर खुर्चीतून उठून उभे राहिला असतात. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या बायकांचे आवाज एकीनंच करायचे. मी नमुना पाठवला, तो त्यांना आवडला. त्यांचा साहेब स्वतः फोनवर आला. मी तारखा पाठवल्या होत्या, त्या समोर धरून तो बोलत होता.

"हे मधले दिवस कसले?"

"काही बिघडलं तर त्यासाठी."

"आणि नाही बिघडलं तर?"

"तर माझे."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मॅडम, आम्हाला सलग हवंय. न बिघडणारं कुणीतरी हवंय."

"तसं कुणी मिळालं तर मलाही सांगा," मी म्हणाले. बोलून गेले, आणि तिथेच काम गेलं.

त्यानंतर मी कपाटात जाऊन दार लावून रडले. आतलं बाहेर ऐकू जात नाही, हा त्या कपाटाचा खरा फायदा. जेवताना नवऱ्यानं माझ्या ताटात पोळी वाढली. मग विचारलं, "थोडे दिवस कमी राखून चाललं नसतं?" तो प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. चाललं असतं, महिनाभर. मग मी पुन्हा आधीसारखी झाले असते, एकेक चौकट देत देत. माझं मला माहीत आहे ना. तुमच्याच हाताखाली तयार झालेली आहे मी.

आणि त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्यांनी न्हाणीघराच्या फरशा फोडायला काढल्या. हातोडा, यंत्र, पुन्हा हातोडा. पूर्वी मी वर जाऊन भांडले असते, मग ते झोपल्यावर रेकॉर्डिंग करून घशाची वाट लावली असती. यावेळी कपाट बंद केलं आणि मुलीला घेऊन बाहेर पडले. काम पुढच्या कोऱ्या चौकटीत गेलं आणि पुस्तक ठरल्या दिवशी पोचलं. साखरबाईंना फरशांचा पत्ताही लागला नाही.

एका कोऱ्या आठवड्यात तर काहीच बिघडलं नाही. तेव्हा काय करावं ते सुचेना. मी मसाल्याचे डबे घासले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यासारखी अंग टाकून झोपले आणि उठल्यावर कुठे आहे तेच कळेना. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं.

सहा खंडांचं वाईट अजून वाटतं. खोटं कशाला सांगू? पण चौकटी कोऱ्याच राहतील.

टकळी

७ मे

मामा,

हे पत्र मामीच्या हाती थेट जावं म्हणून नवऱ्याबरोबर पाठवते आहे. तो दारात उभा असेल. त्याला आत घ्या, चहा द्या, आणि वाचून मग नाही म्हणा.

मामीनं सकाळी फोन केला. तुम्ही फोन करायला सांगितलेलं नाही हे तिनं दोनदा बजावलं, म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे मी धरून चालते. लहान मुलांच्या मालिकेत छोट्या खलाशाचा आवाज देणारी मुलगी बाळंतपणासाठी दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात गेली. दोघं सुखरूप आहेत हे ऐकून बरं वाटलं. उरलेले भाग दिल्या तारखेला गेले नाहीत तर मालिका दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल, हेही कळलं. आणि तिच्या जागी तुम्ही स्वतः त्या पोराचा आवाज काढायचा प्रयत्न करताय, हे ऐकून मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. मामीनं फोन तुमच्या दाराशी धरला होता. मी ऐकलं. मामा, तो बसलेला घसा नाही. तसा आवाज मी डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसलेल्या माणसांचा ऐकला आहे.

सोमवारपासूनचा आठवडा माझ्याकडे कोरा आहे. साखरबाईंना दिला नाही, सहा खंडांच्या साहेबाला दिला नाही. तुम्हाला देते. उपकार म्हणून नाही, आणि जुनं फेडायचं म्हणूनही नाही. असल्याच वेळेसाठी तो ठेवला होता, म्हणून.

पण मी माझ्या पद्धतीनं येईन. तासभर बोलेन, मग अर्धा तास अजिबात नाही, मग पुन्हा तासभर. त्या अर्ध्या तासात तुम्ही झालेलं कापून जुळवा. संध्याकाळी पाचला माइक बंद. एखादा भाग राहिला तर राहिला, शेवटचा दिवस मी त्याच्यासाठीच रिकामा धरला आहे. आणि सोमवारी सकाळी, मी काचेमागे जायच्या आधी, तुम्ही माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन यायचं. वेळ घेतलेली आहे. मामी बरोबर येईल. तुम्ही गेला नाहीत तर मी स्टुडिओच्या पायरीवर बसून राहीन, आणि छोटा खलाशी मुका राहील.

घड्याळ बघून काम करणारी माणसं तुम्हाला नकोत, ठाऊक आहे. यावेळी दुसरं कुणी नाही.

टकळी

२० मे

मामा,

समोरासमोर आठवडा काढला, तरी आपलं बोलणं झालंच नाही. डॉक्टरीणबाईंनी सोमवारीच तुम्हालाही गप्प केलं, त्यामुळे काचेच्या अलीकडे तुम्ही मुके आणि पलीकडे मी दर तासाला मुकी. तुमच्या माणसांना वाटलं असेल, मामा-भाचीचं अजूनही वाकडंच आहे. म्हणून हे लिहिते.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाची विश्रांती सुरू झाली आणि तुम्ही काचेवर बोट आपटलंत. मी पाण्याचा ग्लास उचलून दाखवला. तुम्ही पुन्हा आपटलंत. मी डोळे मिटून घेतले. एवढी मोठी झाले तरी त्या बोटाची भीती जात नाही. डोळे उघडले तेव्हा तुम्ही टेबलावर वाकून कापाकापीला लागला होतात.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. दुपारभर आली नाही. तुम्ही अंधाऱ्या खोलीत येरझाऱ्या घालत होतात, आणि मग भिंतीवर लावलेला माझा वेळापत्रकाचा कागद हातातल्या दिव्यानं पाहिलात. शेवटचा दिवस कोरा होता. तुम्ही त्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलंत. मी मान डोलावली. तुम्ही खुर्चीत बसलात, मामा. भर दुपारी, काम अडलेलं असताना, पाठ टेकून बसलात. मी लहानपणापासून तुम्हाला पाहते आहे, पण तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मालिका वेळेवर गेली. खलाशी माझ्या गळ्यातून बरा निघाला, वादळाचा प्रसंग सोडला तर. तिथे तो जरा वयस्कर वाटतो.

आता तुमचं. मामीनं मला सगळं सांगितलं आहे, तेव्हा लपवू नका. तुमच्या घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासला. ती वाईटच निघाली, पण अजून लहान आहे, एकाच जागी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढता येईल आणि आवाजही बराचसा राखता येईल. सहा महिन्यांनी आला असतात तर असं म्हणता आलं नसतं, हेही म्हणाल्या. त्या असल्या बाबतीत गोड बोलत नाहीत.

ऑपरेशन तीस तारखेचं आहे. तुम्ही मामीला लिहून दिलंत म्हणे की जूनमध्ये दोन कामं घेतली आहेत, म्हणून पुढे ढकला. मी त्या दोन्ही लोकांना फोन केला. एक जण जुलैपर्यंत थांबतो. दुसऱ्यानं काम काढून घेतलं. तुम्हाला न विचारता केलं, आणि पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन. रागवायचं तर रागवा. बोलता येत नाही तोवर मला ते ऐकावं लागणार नाही.

टकळी

२४ जून

मामा,

तुमचं पत्र मिळालं. पहिलंच. अक्षर इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं, नवऱ्यानं आणि मी मिळून लावलं.

गाठ पूर्ण निघाली, तपासणीत तिच्या कडा स्वच्छ आल्या, मागे काही उरलं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मलाही सांगितलं. मी दवाखान्याच्या जिन्यातूनच नवऱ्याला फोन केला, मग घरी आले. दर दोन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. तुम्ही चुकवणार नाही, कारण मी बरोबर येणार आहे.

आता तुम्ही विचारलंय त्याबद्दल. स्टुडिओ तुझ्या हाती घे, असं तुम्ही लिहिलंत. ते मी दोनदा वाचलं. तीन वर्षांपूर्वी हे ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण नाही, मामा. मी माझ्या कपाटातच बरी आहे. स्टुडिओ एकीच्या खांद्यावर टाकला की तिचं पुन्हा तेच होणार. खलाशाचा आवाज देणारी मुलगी बाळाला घेऊन परत येते आहे आणि अर्धा दिवस काम मागते आहे, असं मामीनं सांगितलं. तिला घ्या. तुमच्या सहायकाला उरलेला अर्धा दिवस द्या. दोघांच्या मध्ये थोडी जागा ठेवा. हात कसा राखायचा ते हवं तर मी येऊन दाखवीन, आणि दाखवून परत जाईन.

हे लिहिणं सोपं नाही, पण माझं ठरलं आहे.

दुसरं काही मात्र मागायचं आहे. शुक्रवारी मी मोकळी आहे. नवरा कामावर असतो. मुलीला दोन चाकांची सायकल शिकायची आहे, आणि ती शिकवायला दोन मोठी माणसं लागतात. एकानं मागून सीट धरून पळायचं, ते मी करीन. दुसऱ्यानं गल्लीच्या टोकाला दोन्ही हात पसरून उभं राहायचं. बोलायचं काहीच काम नाही.

तुम्ही टोकाला उभे राहा.

टकळी